हॅना-बार्बेरा: कारखाना बंद, गोदाम चालू

तिरकी_रेघ (धागाकर्ती)

योगी बेअर, फ्लिंटस्टोन्स, जेटसन्स, टॉप कॅट, स्कूबी डू, जॉनी क्वेस्ट, वॅकी रेसेस, स्मर्फ्स. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना या मंडळींची ओळख करून द्यायला नको. ही सगळी हॅना-बार्बेरा या एकाच स्टुडिओची. अमेरिकेत साठचं दशक सरत आल्यापासून पुढे वीसेक वर्षं शनिवारी सकाळी टीव्ही लावला की बहुतेक वेळा यांचंच काहीतरी चालू असायचं. २००१ मध्ये हाच स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन विभागात मुरून गेला. आता नाव दिसतं ते पाटीपुरतं.

का बुडाले, असं विचारलं की हमखास उत्तर येतं: स्वस्तातला माल काढायचे, लोक कंटाळले. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. स्वस्तात काढणं हाच तर त्यांचा शोध होता आणि त्याच जोरावर त्यांनी राज्य केलं. माझ्या मते कारणं दोन. एक म्हणजे माल घेणारी गिऱ्हाइकं मोजून तीन होती, आणि ती हळूहळू उठून गेली. दुसरं, जुन्या कार्टूनांचं गोदाम इतकं किमती झालं की नवा माल काढणारा कारखाना चालवायची मालकांना गरजच उरली नाही.

आता जरा मुळापासून. बिल हॅना आणि जो बार्बेरा हे दोघे एमजीएम या सिनेमा कंपनीत 'टॉम अँड जेरी' करायचे, १९४० पासून. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाली. बार्बेराकडे चित्रं आणि विनोद, हॅनाकडे वेळेचं गणित. तव्याचा फटका नेमका कितव्या फ्रेमला बसला की हसू फुटतं हे त्याला कळायचं. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभागाला टाळं लावलं. हिशोब बघणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की जुन्याच फिल्म्स थेटरात पुन्हा लावल्या तरी जवळजवळ तेवढाच गल्ला जमतो. दोघांनी चाळिशी ओलांडलेली, कपाटात ऑस्कर, आणि नोकरी नाही.

मग टीव्ही. तिथला भाव ऐकून कुणीही दुसरा परत फिरला असता. 'टॉम अँड जेरी'च्या सात मिनिटांना चाळीस-पन्नास हजार डॉलर लागायचे. कोलंबिया पिक्चर्सच्या स्क्रीन जेम्सने 'रफ अँड रेडी'च्या पाच मिनिटांसाठी देऊ केले तीन हजारांच्या आसपास. या दोघांनी हो म्हटलं आणि चित्रंच कमी केली. सात मिनिटांच्या फिल्मला पूर्वी १४,००० चित्रं लागत, ती त्यांनी २,००० वर आणली.

योगी बेअरच्या अंगावर कपडा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. का? धड एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक शीटवर) तसंच ठेवायचं आणि वर फक्त डोकं हलवायचं. जोड कॉलरखाली लपतो. फ्लिंटस्टोन्समधला फ्रेड घरातल्या घरात धावतो तेव्हा मागून तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा जातो. बोलताना अख्खा चेहरा हलत नाही, नुसतं तोंड हलतं. चित्रात वाचलेलं मग आवाजात घातलं. योगी आणि हकलबेरी हाउंडला आवाज देणारा डॉज बटलर, स्कूबीचा डॉन मेसिक, आणि संगीताला हॉयट कर्टिन. डोळे मिटून बघितली तरी ही कार्टून्स कळतात. कार्टून दिग्दर्शक चक जोन्सने असल्या कामाला 'चित्रं जोडलेला रेडिओ' म्हणून हिणवलं होतं. मला ती दादच वाटते.

'हकलबेरी हाउंड'ला १९६० मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, अ‍ॅनिमेशन मालिकेला मिळालेला पहिला. त्याच वर्षी 'फ्लिंटस्टोन्स' एबीसी या टीव्ही नेटवर्कवर रात्रीच्या वेळेत लागलं, मोठ्यांसाठी. इतकं मोठ्यांसाठी, की सुरुवातीचा प्रायोजक विन्स्टन सिगारेट होता आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी स्वतः झुरके मारायचे. सहा हंगाम, १६६ भाग.

इथून पुढे घसरण, असं माझं मत. जरी बाहेरून भरभराट दिसत होती. साठच्या दशकाच्या मध्यात तिन्ही नेटवर्कांनी कार्टून रात्रीतून उचलून शनिवार सकाळी टाकलं. प्रेक्षक झाला लहान मुलांचा, जाहिरातदार झाला नाश्त्याच्या गोड सीरिअलवाला. आणि स्टुडिओचं भवितव्य सीबीएस, एनबीसी, एबीसी या तीन ऑफिसांतल्या तीन माणसांच्या हाती गेलं. दरवर्षी वसंतात ऑर्डर, सप्टेंबरला माल पडद्यावर. उन्हाळाभर रात्रपाळ्या आणि हिवाळ्यात चित्रकारांना घरी बसवायचं. याच सुमारास टाफ्ट ब्रॉडकास्टिंगने स्टुडिओ १.२ कोटी डॉलरला विकत घेतला. हॅना-बार्बेरा खुर्चीत राहिले, मालक राहिले नाहीत.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. एकटीने किती टंकायचं.

शनिवारची_सुट्टी

मस्त धागा. टायचं कारण वाचून चक्रावलो! आता प्रत्येकाच्या गळ्याकडे बघत बसणार. बू-बूला बो आहे, हकलबेरीलाही बो आहे, फ्रेडला तर भलामोठा टाय.

आमच्याकडे १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं तेव्हा दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे. कार्टून संपून सूट घातलेली कृष्णधवल माणसं आली की बाबा रिमोट घ्यायचे. तेव्हा वाटायचं ही कार्टून्स अमेरिकेत आत्ता बनतायत आणि आपल्याला ताजी दिसतायत.

तिरकी_रेघ

तीच तर गंमत! आपण फ्लिंटस्टोन्स बघत होतो तेव्हा त्याचा शेवटचा मूळ भाग येऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती. आपल्या पिढीला ते ताजं वाटलं, कारण मधली वर्षं आपण बघितलीच नव्हती. स्टुडिओ शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याचं गोदाम मुंबई-पुण्यात नव्याने उघडत होतं.

खडूगोळा

रेघताई, लिहिलंय छान, पण तुम्ही गिऱ्हाइकावर सगळं ढकलून दिलंत. सत्तरच्या दशकातला माल स्वतः बघा एकदा. १९६९ ला 'स्कूबी डू' चाललं. लगेच 'जोसी अँड द पुसीकॅट्स', 'स्पीड बग्गी', 'जॅबरजॉ', 'क्लू क्लब'. तीच चार पोरं, तीच गाडी, एक बोलणारं काहीतरी: कुत्रा, मोटार, शार्क. शेवटी मुखवटा ओढायचा की आत तोच म्हातारा. आणि इतकं करून स्कूबीचं पाणी आटल्यावर १९७९ मध्ये स्क्रॅपी डू आणला! ते बारकं ओरडणारं पिल्लू ज्यांना आवडतं त्यांनी हात वर करा.

हे गिऱ्हाइकाने नाही केलं. ज्या माणसांनी योगी घडवला त्यांनीच आळस केला. स्वस्त चित्र मला चालतं. स्वस्त गोष्ट चालत नाही. साठमधलं काम स्वस्त होतं पण लिहिणारे तालेवार होते.

मोडका_अँटेना

+१ खडूगोळा. स्क्रॅपीला माझ्याकडून शून्य हात.

तिरकी_रेघ

खडूगोळा, लिखाण घसरलं हे मान्यच आहे. पण 'आळस' म्हणून विषय संपत नाही.

'स्कूबी डू' जन्मलं कसं ते बघा. १९६६-६७ मध्ये शनिवारी 'स्पेस घोस्ट', 'हर्क्युलॉइड्स' अशी मारधाडीची कार्टून्स जोरात होती, तीही हॅना-बार्बेराचीच. अ‍ॅलेक्स टॉथची रेखाटनं आजही बघावीत अशी आहेत. मग पालकांच्या संघटना उठल्या. १९६८ मध्ये पेगी चॅरेनने बोस्टनकडे 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' काढली. नेटवर्कं घाबरली. सीबीएसच्या फ्रेड सिल्व्हरमनला काहीतरी हवं होतं ज्यात भीती आहे पण ठोसा नाही. म्हणून भूत, आणि भूत खोटं. पुढची दहा वर्षं नेटवर्कांत 'काय चालणार नाही' याची यादी वाढतच गेली. कुणी कुणाला मारायचं नाही, कुणी पडून लागायचं नाही.

याचा कळस बघायचा असेल तर १९७५ चा टीव्हीवरचा 'टॉम अँड जेरी' बघा. हो, हॅना आणि बार्बेरा यांनीच केलेला. त्यात टॉम आणि जेरी मित्र आहेत. पाठलाग नाही, तवा नाही, जेरीच्या गळ्यात लाल बो, आणि दोघे मिळून जगभर फिरतात, खेळ खेळतात. सात ऑस्कर मिळवणाऱ्या माणसांना स्वतःच्याच मांजराला उंदराच्या मागे पळवायची परवानगी नव्हती. याला आळस म्हणू?

शनिवारची_सुट्टी

थांबा, 'टॉम अँड जेरी' एमजीएमचं ना? मग कार्टून नेटवर्कवर कसं लागायचं?

तिरकी_रेघ

पुढे कार्टून नेटवर्क काढणाऱ्या टेड टर्नरने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना फिल्मसंग्रह घेतला, त्यात ते आलं. हॅना-बार्बेरा त्याने नंतर घेतलं. म्हणजे या दोघांचं सगळं आयुष्य शेवटी एकाच माणसाच्या कपाटात जमा झालं.

लाइटबॉक्स

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण या विषयात पोट भरलंय म्हणून लिहितो. मी मुंबईत काही वर्षं बाहेरच्या कंपन्यांसाठी टूडी काम केलं. आधी क्लीनअप (कच्च्या रेघा पक्क्या करणं), मग इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं). स्टुडिओचं नाव सांगत नाही, अजून तिथे मित्र आहेत.

कुणी हॅना-बार्बेराच्या 'स्वस्त' कामाला हसलं की मला राग येतो, कारण जगभरातला आमच्यासारख्यांचा धंदा त्यांच्या पद्धतीवरच उभा राहिला. काम असं यायचं: स्टोरीबोर्ड, मॉडेल शीट (पात्र कसं दिसतं त्याचा नमुना), आवाज आणि एक्स-शीट. एक्स-शीटवर प्रत्येक फ्रेमला कुठलं चित्र, तोंडाचा कुठला आकार, सगळं आखलेलं. डोक्यावरून तोंडाचे ठरावीक आकार बदलत राहायचं. डोकं वेगळ्या लेव्हलवर, हात वेगळ्या, धड वेगळ्या. चित्र असं तुकड्यांत फोडलेलं असलं की चित्रकार कॅलिफोर्नियात बसलाय की तैवानमध्ये, याने काही फरक पडत नाही. फोडणी त्यांनी १९५७ ला दिली, वाढप नंतर आशियात झालं.

त्यांनी स्वतःच ते बाहेर नेलं. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात शाखा. १९७८ ला तैवानमध्ये जेम्स वँगचा कुकूज नेस्ट स्टुडिओ उभा राहिला, तो मुळात हॅना-बार्बेराच्या कामासाठी. ऐंशीच्या दशकाअखेरीस मनिलात फिल-कार्टून्स. लॉस एंजेलिसच्या चित्रकारांनी याच मुद्द्यावर १९७९ ला संप केला आणि जिंकले; स्थानिकांना आधी काम, असं बंधन मिळालं. १९८२ ला पुन्हा तोच मुद्दा, दोन महिन्यांहून जास्त संप, आणि हरले. त्यानंतर दार सताड उघडं.

आता माझा मुद्दा. एकदा तैवानच्या लोकांना काम शिकवलं की ते फक्त तुमचंच करतील असं थोडंच आहे? पुढे डिस्नेचं, वॉर्नरचं काम त्याच टेबलांवर व्हायला लागलं. आणि त्या कंपन्या जास्त पैसे देऊन जास्त चित्रं मागायच्या. तेच हात, चांगलं काम. मग हॅना-बार्बेराकडे वेगळं असं काय उरलं?

आमच्याकडेही हेच झालं, उलट्या टोकाने. आमचं काम कधी कोरियाला, कधी फिलिपीन्सला, कधी फ्लॅश सॉफ्टवेअरवर गेलं. शेवटचे काही महिने पगार रखडला आणि एक दिवस टेबलं विकायला काढली. माझा लाइटबॉक्स (खालून उजेड देणारं चित्र काढायचं टेबल) मीच विकत घेतला. आता त्यावर पोरगी होमवर्क करते.

खडूगोळा

लाइटबॉक्स, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. माझ्या वरच्या प्रतिसादातला 'आळस' मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे जरा हळू आवाजात म्हणतो.

दूरदर्शनकालीन

काम बाहेर पाठवलं म्हणून बुडाले असा सूर निघतोय, म्हणून उलटं उदाहरण देतो. फिल्मेशन.

दूरदर्शनवर 'ही-मॅन' बघितलेले हात वर करा. तो फिल्मेशनचा. लू शायमरचा हा स्टुडिओ साठच्या दशकापासून शनिवारी हॅना-बार्बेराचा मुख्य प्रतिस्पर्धी. शायमरचा हट्ट असा की चित्रांचं काम देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही. मग पैसा वाचवायचा कुठे? तीच हालचाल पुन्हा पुन्हा वापरून. ही-मॅन तलवार उंचावतो, विजा कडाडतात, मांजराचा वाघ होतो: ते प्रत्येक भागात जसंच्या तसं. धावणं तेच, उडी तीच, फक्त मागचा देखावा वेगळा. पण लोकांची नोकरी टिकली.

आणि धंद्यातही फिल्मेशनच पुढे होतं. १९८३ मध्ये 'ही-मॅन' नेटवर्कला न विकता थेट स्थानिक स्टेशनांना विकला, रोज दुपारी एक भाग, एकदम ६५ भाग. मागे मॅटेल खेळणीवाला उभा. म्हणजे रेघताई म्हणतात त्या तीन गिऱ्हाइकांतून पहिली सुटका यांनी केली. पुढच्या वर्षी सरकारी नियम सैल झाले आणि 'ट्रान्सफॉर्मर्स', 'जी. आय. जो' अशी खेळण्यांची रांग लागली. हॅना-बार्बेरानेही १९८४ ला 'गोबॉट्स' आणलं. आज कुणाला आठवतं?

इतकं करून फिल्मेशनचं काय झालं? तेव्हाचा मालक वेस्टिंगहाउस. त्यांनी १९८९ मध्ये तो लॉरेआलच्या गटाला विकला. हो, शाम्पूवाले. त्यांना जुन्या कार्टूनांचे हक्क हवे होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्टुडिओ बंद, दोनशेवर माणसं रस्त्यावर. काम घरी ठेवलेला स्टुडिओ बारा वर्षं आधी मेला.

पेन्सिल_तुटली

म्हणजे ही-मॅनच्या शत्रूला, स्केलेटॉरला, जे जमलं नाही ते लिपस्टिकवाल्यांनी केलं.

दूरदर्शनकालीन

😄 बाय द पॉवर ऑफ ग्रेस्कल, कारण यू आर वर्थ इट.

हिशोबनीस

मी कार्टूनवाला नाही, आकडेमोडवाला आहे. दूरदर्शनकालीन यांनी शेवटी जे लिहिलं तेच मूळ दुखणं आहे असं मला वाटतं आणि रेघताईंचा 'गोदाम' मुद्दा त्याने पक्का होतो.

टाफ्टने १९६७ च्या आसपास १.२ कोटी डॉलर दिले. १९९१ मध्ये टर्नरने भागीदार घेऊन ३२ कोटी दिले, त्यात रुबी-स्पिअर्स या दुसऱ्या कार्टून स्टुडिओचा संग्रहही आला. त्या चोवीस वर्षांत डॉलरची किंमत साधारण चौपट घसरली. म्हणजे जुने १.२ कोटी १९९१ च्या भावाने ५ कोटीही होत नाहीत. मग हे वरचे २७ कोटी कशाचे? स्टुडिओ तर त्या वेळी डबघाईला आलेला. ८७ ला टाफ्टची मालकी बदलून ग्रेट अमेरिकन ब्रॉडकास्टिंग झाली, डोक्यावर कर्ज, आणि ८९ मध्ये टॉम रुगरसारखा चांगला माणूस वॉर्नरकडे गेला आणि तिथे त्याने 'टाइनी टून्स' उभं केलं. माणसं जात होती, भाव वाढत होता. उघड आहे, भाव डब्यांतल्या रिळांचा होता.

टर्नरला चोवीस तास कार्टून दाखवणारं चॅनेल काढायचं होतं. ते १ ऑक्टोबर १९९२ ला निघालं. चोवीस तास भरायला हजारो अर्धे तास लागतात. एवढा साठा डिस्ने सोडून कुणाकडे होता? आणि जुना भाग पुन्हा लावायला जवळपास काही खर्च नाही. नवा अर्धा तास काढायला लाखो डॉलर.

आणि हे वाचताना मला मजा वाटली ती अशी की १९५७ ला एमजीएमच्या हिशोबनिसाने याच दोघांना नेमक्या याच गणितावर घरी पाठवलं होतं. जुनं पुन्हा लावा, नवं कशाला. (आमच्या जातीला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. गणित बरोबर होतं.)

तिरकी_रेघ

हिशोबनीस, शिव्या कशाला, हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

खडूगोळा

गणित एमजीएमच्या बाबतीत बरोबर नव्हतं हो. एमजीएमनेच काही वर्षांत पुन्हा 'टॉम अँड जेरी' काढायला घेतलं. आधी प्रागमध्ये जीन डाइचकडून, मग चक जोन्सकडून. आणि मधल्या काळात घरी पाठवलेल्या दोघांनी टीव्हीचा अख्खा बाजार घेतला. हिशोब वर्षाचा बरोबर, दहा वर्षांचा चूक.

हिशोबनीस

आम्हाला पगार वर्षाचा मिळतो. 🙂

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे मुलं वाढवली म्हणून शनिवारच्या बाजूने लिहितो. तीन गिऱ्हाइकं उठून गेली म्हणजे काय, ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. १९९२ मध्ये एनबीसीने शनिवारची कार्टून्स बंद करून सकाळच्या बातम्या आणि किशोरांचे कार्यक्रम सुरू केले. हे तेच एनबीसी, ज्यावर 'स्मर्फ्स' १९८१ ते ८९ धो धो चाललं होतं. मग सरकारने आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचा नियम आणला, तो स्टेशनांनी मुख्यतः शनिवारीच उरकला. सोबत केबलवर निकलोडियन, फॉक्स नेटवर्कचे मुलांचे कार्यक्रम, दुपारी डिस्नेचं 'डकटेल्स'. रोजच मिळायला लागल्यावर शनिवारची वाट कोण बघणार?

माझ्या धाकट्याला स्कूबी डू माहीत आहे. हॅना-बार्बेरा म्हटलं तर विचारतो, कुठला मसाला आहे का हा.

मोडका_अँटेना

'स्वॅट कॅट्स'बद्दल कुणीच का बोलत नाही?? टी-बोन आणि रेझर! १९९३ चं, हॅना-बार्बेराचंच. भारतात त्याचे जितके भक्त आहेत तितके अमेरिकेतही नसतील. लढाऊ विमान उडवणारी मांजरं, जोरदार गिटार. हे बघून कोण म्हणेल की हा स्टुडिओ म्हातारा झाला होता?

तिरकी_रेघ

बरं झालं काढलंत. स्वॅट कॅट्सची बरीच चित्रं जपानच्या 'मूक' (Mook) नावाच्या स्टुडिओने काढली, म्हणून ती तशी दिसतात. लाइटबॉक्स यांचा मुद्दाच. पण तुमचंही खरं आहे, शेवटच्या दशकात स्टुडिओत जीव होता. खरं तर पंचवीस वर्षांत नव्हता इतका.

टर्नरने १९९२ मध्ये फ्रेड सायबर्ट नावाच्या माणसाला प्रमुख केलं. तो टीव्ही ब्रँडिंगमधला, अ‍ॅनिमेशन चालवल्याचा अनुभव नाही. त्याने नेटवर्कची समिती बाजूला ठेवली आणि तरुण चित्रकारांना सांगितलं, सात मिनिटांची एकेक फिल्म करा, तुमच्या मनासारखी. ४८ छोट्या फिल्म्स, 'व्हॉट अ कार्टून' नावाने, १९९५ पासून. त्यातून काय निघालं: गेंडी टार्टाकोव्स्कीची 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', क्रेग मॅक्रॅकनच्या 'पॉवरपफ गर्ल्स', 'जॉनी ब्राव्हो', 'काऊ अँड चिकन'. ज्या सेथ मॅकफार्लेनने पुढे 'फॅमिली गाय' काढलं तोही तेव्हा तिथेच कामाला.

मग तरी बंद का? १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. वॉर्नरकडे स्वतःचा अ‍ॅनिमेशन विभाग होताच. एका घरात दोन चुली कोण ठेवतं? १९९८ मध्ये काहुएंगा बुलेव्हार्डवरची १९६३ पासूनची इमारत सोडून सगळे वॉर्नरच्या जागेत गेले. नव्या मालिका कार्टून नेटवर्क स्टुडिओज या नव्या नावाकडे वळवल्या. २२ मार्च २००१ ला बिल हॅना गेला, आणि त्याच वर्षी स्टुडिओही कागदावरून गेला. बार्बेरा २००६ पर्यंत होता, पंचाण्णव वर्षांचा.

म्हणून म्हणते, चांगलं काम करूनही तो वाचला नाही. खडूगोळा, याला काय म्हणाल?

खडूगोळा

वीस वर्षं उशीर झाला म्हणेन. सायबर्टने १९९५ ला जे केलं, म्हणजे चित्रकारालाच लिहू देणं, ते १९७५ ला केलं असतं तर वॉर्नरला गिळायची हिंमत झाली नसती. नेटवर्कांचा दबाव होता म्हणता; तसाच दबाव 'मपेट्स'वाल्या जिम हेन्सनवरही होता, अमेरिकेत नेटवर्क मिळेना म्हणून तो इंग्लंडमध्ये जाऊन करून आला. हॅना-बार्बेराला दर हंगामाला इतक्या ऑर्डरी मिळायच्या की नाही म्हणायचं कारणच पडलं नाही. नाही म्हणता न येणं हाही दोषच.

लाइटबॉक्स

नाही म्हणणं स्टुडिओ मालकाला सोपं वाटतं. ऑर्डर नाकारली तर उन्हाळ्यात घेतलेली माणसं उन्हाळ्यातच घरी जातात.

पोगोबालक

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान, 'छोटा भीम' पिढी. एक शंका. २००८ पासून हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा भीम पोगोवर, आणि पोगोसुद्धा तेव्हा टर्नरचंच चॅनेल. म्हणजे टर्नरने भारतात आधी हॅना-बार्बेराचं गोदाम दाखवलं आणि मग ते स्वस्त स्थानिक मालाने बदललं? आणि भीमसुद्धा तोच फॉर्म्युला: गावातली चार पोरं, एक माकड, एक लाडू. मग त्याचंही हेच होणार का?

तिरकी_रेघ

फॉर्म्युला स्कूबीच्या वंशातला आहे खरा. पण एक फरक मोठा आहे: भीमचे हक्क ग्रीन गोल्डकडे आहेत, दप्तर-डब्यांपासून सिनेमापर्यंत. हॅना-बार्बेराने सुरुवातीच्या दहा वर्षांतच स्टुडिओ आणि पात्रं दोन्ही विकून टाकली. पुढचं काही सांगायला मी ज्योतिषी नाही.

मोडका_अँटेना

विषयांतर करतो. 'जॉनी क्वेस्ट'मधला हाजी. १९६४ चं कार्टून, कलकत्त्याचा पोरगा, डोक्यावर रत्न लावलेला फेटा, नाव हाजी, आणि जादू करताना म्हणतो 'सिम सिम सालाबिम'. हा नक्की कोण धर्माचा, कोण जातीचा?

दूरदर्शनकालीन

१९९६ च्या नव्या आवृत्तीत तर तो बंगलोरच्या गादीचा वारस निघाला, आडनाव सिंग.

पेन्सिल_तुटली

कलकत्त्याचा सिंग हाजी, बंगलोरचा राजा. रेशनकार्ड कुठलं, ते सांगा आधी.

तिरकी_रेघ

हाजीसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे रात्रभर पुरेल. खडूगोळा, तुमच्या 'नाही म्हणता न येणं' या मुद्द्यावर उद्या सविस्तर लिहिते, त्यात मला 'जॉनी क्वेस्ट'चंच उदाहरण द्यायचंय. खर्च जास्त म्हणून २६ भागांत बंद केलं आणि पुढे शनिवारच्या पुनःप्रक्षेपणात वर्षानुवर्षं तेच पुन्हा पुन्हा लावलं.

खडूगोळा

वाट बघतो. स्क्रॅपीचं समर्थनही लिहिणार असाल तर आधी कळवा, म्हणजे मी आयडी बदलून ठेवतो.